गिरगाव काही गाव नव्हे

हितूभाऊ घाडीगावकरांच्या खोलीला दार आहे, ही गोष्ट मजल्यावरच्या पुष्कळ लोकांना ते दार रंगवायला काढलं तेव्हा कळली. तोवर ते भिंतीला टेकून उभं असायचं आणि त्याच्यावर छत्र्या, पिशव्या, धुवायचे-न-धुवायचे शर्ट असं सगळं टांगलेलं असायचं. लोक त्याला खुंट्यांचा फळा समजत.

लालबागच्या त्या चाळीत दारं लावायची पद्धतच नाही. लावलं तर आत कोणी आजारी आहे किंवा नवराबायकोचं भांडण चाललंय, असा अर्थ होतो, आणि दोन्ही बाबतींत लोक चौकशीला येतातच. मग लावून उपयोग काय? हितूभाऊंचे वडील गिरणीत मागावर होते. हितूभाऊ मात्र चिंचपोकळीच्या एका छापखान्यात खिळेजुळारी म्हणून चिकटले. शिशाची उलटी अक्षरं सुलटी वाचत वाचत त्यांची मिशी फुटली, आणि ती पिकायला लागली तेव्हा छापखान्यात कॉम्प्युटर आला. बाकीचे जुळारी गावी गेले. हितूभाऊ कॉम्प्युटर शिकले. आता छापखानाही नाही. हितूभाऊ घरी बसून लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दुःखद निधनाचे बोर्ड करतात. तिन्हीत फोटो एकच चालतो, असं ते स्वतःच सांगतात.

त्यांचा लॅपटॉप म्हणजे एक पुराणवस्तू आहे. कारण त्यातले मराठी अक्षरांचे टंक जुन्या विंडोजवरच चालतात, नव्यावर घातले की वेलांट्या उडून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसतात. तर ह्या लॅपटॉपचं नि त्या दाराचं धोरण एकच होतं. मजल्यावर इंटरनेटचं कनेक्शन हितूभाऊंच्या नावावर, पण ते वापरायचे सगळे. मग फायलींनी काय पाप केलं होतं? कॉम्प्युटरने एकदा विचारलं, हे फोल्डर कोणाकोणाला बघू द्यायचं? समोर यादी होती, तीत पहिलंच नाव होतं ‘एव्हरीवन’. हितूभाऊंनी ते निवडलं. बघू द्यायचं, बदलू द्यायचं, पुसू द्यायचं, सगळ्या चौकटींत टिचक्या मारल्या. पासवर्ड हवा का? नको. एव्हरीवन म्हणजे नक्की कोण, हे कॉम्प्युटरने सांगितलं नाही आणि हितूभाऊंनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी जगात ‘सगळे’ म्हणजे मजल्यावरचे सगळे.

त्या फोल्डरात गणपतीचे फोटो होते, सत्यनारायणाचे होते, दशावताराची रेकॉर्डिंगं होती, कोणाकोणाच्या बारशांचे व्हिडिओ होते. घरोघरच्या टीव्हीवर ‘हितूभाऊ-पीसी’ असं नाव यायचं, ते दाबलं की आत शिरता यायचं. लोक जेवताना बातम्यांऐवजी स्वतःलाच बघायचे. बातम्यांपेक्षा त्यात खोटं कमी असायचं.

ह्या घरात अक्षदा जन्माला आली, हा दैवाचा विनोद म्हणायचा. हितूभाऊंची ही एकुलती मुलगी मोठी होऊन एका कंपनीत लागली, आणि तिथे तिचं काम काय, तर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरांत चोर शिरू नये हे बघायचं. दिवसभर परक्यांची कुलपं तपासून ती घरी यायची, तर बापाचं हे उघडं भांडार.

“बाबा, हे बंद कर. कोणीही येऊन काहीही घेऊन जाईल.”

“कोणीही म्हणजे कोण गं? मनू?”

मनू म्हणजे शेजारच्या खोलीतला मनू नाईक. वयाने हितूभाऊंएवढाच, पण मजल्यावर तो मनूच.

“मनूकाकांनी आपला मिक्सर नेला तो कुठे आहे अजून?”

“तो काय कॉम्प्युटरमधून नेला?”

अशा वादात शिकलेली माणसं हरतात. अक्षदाही हरली असती, पण एकदा हितूभाऊ तिला घेऊन गावी जाताना वाटेत एका लॉजवर उतरले, तिथल्या वायफायला लॅपटॉप जोडला, आणि सकाळी बघतात तर फोल्डरात कोणा अनोळखी इसमाचे गोव्यातले चड्डीवरचे फोटो. हितूभाऊ खूश. “बघ! नेलं काहीच नाही, उलट देऊन गेला.” अक्षदाने कपाळाला हात लावला, पण संधी सोडली नाही. तिथेच तह झाला: मजल्यावर काय करायचं ते कर, पण गावाला जाताना शेअरिंग बंद.

हा नियम हितूभाऊंनी देवधर्मासारखा पाळला. गावाला जाताना गॅसचं बटण फिरवायचं, पाण्याचा पिंप झाकायचा, देवासमोर नारळ ठेवायचा, किल्ली मनूकडे द्यायची आणि शेअरिंग बंद करायचं. शिमग्याला बंद, चतुर्थीला बंद, मे महिन्यात बंद. ह्यात कधी खंड नाही. गुरू म्हणून अक्षदाला समाधान वाटावं असा शिष्य. फक्त ‘गावाला जाताना’ ह्या दोन शब्दांतला पहिला शब्द शिष्याने किती मनावर घेतलाय, हे गुरूच्या लक्षात आलं नव्हतं.

अक्षदाचं लग्न ह्याच सुमारास ठरलं. म्हणजे, तत्त्वतः ठरलं.

मुलगा यशोधन खांबेटे, गिरगावातला, तिच्याच कंपनीतला. मुलगा सालस होता, अक्षदाकडे बघताना त्याच्या तोंडाचा किंचित आ राहायचा, त्यामुळे हितूभाऊंना तो पहिल्याच भेटीत आवडला. अडचण त्याच्या वडिलांची. रघुवीर खांबेटे सरकारी कचेरीतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी शेऱ्यांत ‘मान्य’ असा शब्द एकटा कधी लिहिला नाही. ‘तत्त्वतः मान्य’ असं लिहायचं. म्हणजे काम झालं तर आपण मान्य केलं होतं, आणि बुडालं तर आपण तत्त्वतःच केलं होतं. ही सवय कचेरीतून त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन घरी आली.

लालबागला ते पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर टेकण्याआधी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “तत्त्वतः आमची काही हरकत नाही.”

अक्षदाच्या आईने, मेघनावहिनींनी, मालवणचं खाजं पुढे केलं. “घ्या ना.”

“तत्त्वतः मला गोड वर्ज्य आहे,” असं म्हणत त्यांनी बशी साफ केली.

जातीचा विषय कोणी काढला नाही. रघुवीररावांनी स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला: तत्त्वतः त्यांचा जातपातीवर विश्वास नव्हता. मात्र तारखेचं विचारलं की ते खिडकीबाहेर बघत. पाहुणे गेल्यावर मेघनावहिनी बराच वेळ रिकाम्या बशीकडे बघत बसल्या. “अहो, पण हे हो म्हणाले की नाही म्हणाले?”

ते कोणालाच सांगता येईना. त्यानंतर फोन झाले, सणासुदीच्या शुभेच्छा झाल्या, यशोधनने घरी आवाज चढवून पाहिला. वडील म्हणाले, तुझी भावना तत्त्वतः बरोबर आहे. इकडे अक्षदा हसतखेळत असायची, पण फोन वाजला की तिचं हसू अर्ध्यावर थांबायचं. हितूभाऊंना ते दिसायचं. कोणी नकार दिला तर भांडता येतं; होकार दिला तर नाचता येतं. ह्याचं काय करायचं?

हितूभाऊंनी त्याची नक्कल केली.

ते मजल्यावरचे जुने नकलाकार. सत्यनारायणाच्या रात्री प्रसाद झाला की त्यांच्या नकला व्हायच्याच. त्या वर्षी त्यांनी कमरेचा पंचा उपरण्यासारखा खांद्यावर घेतला, मेघनावहिनींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला, घसा साफ केला आणि ‘व्याही’ सादर केले. मजला हसून हसून कठड्याला लागला. मनूने फोनवर ते सगळं टिपलं. दुसऱ्या दिवशी इतक्या लोकांनी मागितलं की हितूभाऊंनी ती फाईल फोल्डरात टाकून दिली, नाव दिलं ‘व्याही तत्त्वतः फायनल’. त्यानंतर गॅलरीत क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा “तत्त्वतः तू आउट आहेस” असं म्हणायला लागली.

अक्षदाने ते पाहिलं. हसली, मग रडली, मग म्हणाली, “हे बाहेर जाता कामा नये हां.”

“बाहेर कुठे जातंय? मजल्यावरच आहे.”

आणि मग एक दिवस रघुवीररावांचाच फोन आला. लग्नपत्रिका तुम्ही स्वतः करताय असं कळलं, मसुदा बघायला आवडेल. तारखेची जागा तूर्त मोकळी ठेवावी. घाडीगावकरांच्या घरात ह्या फोनचा अर्थ लावण्यात दोन दिवस गेले. पत्रिका बघायची म्हणजे होकार. तारीख मोकळी म्हणजे नकार. शेवटी मेघनावहिनी म्हणाल्या, “जाऊन बसायचं. तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर पोरीला तरी सांगू, दुसरं बघ म्हणून.” अक्षदाने दागिन्यांतले फक्त कानातले घातले नि बाकीचे डब्यात परत ठेवले.

रविवारी तिघं बसने गिरगावला निघाले. हितूभाऊंच्या मांडीवर लॅपटॉप होता. निघताना गॅसचं बटण फिरवलं नव्हतं, पिंप झाकला नव्हता, नारळ ठेवला नव्हता. कशाला ठेवतील? गिरगावला जाणं म्हणजे काय गावाला जाणं? संध्याकाळी परत जेवायला घरी. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र घरचं वायफाय सुटलं की प्रवास सुरू. पुढे गिरगाव असो की लंडन. हे त्याने हितूभाऊंना सांगितलं नव्हतं, आणि अक्षदाने सांगितलं ते गावापुरतं.

खांबेट्यांची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झालेला. खाली फाटकावर पहारेकऱ्याने नावं विचारली, फोटो काढला, वर फोन करून खात्री केली. लिफ्टपाशी दुसऱ्याने पुन्हा विचारलं. वरच्या दाराला कॅमेरा, कॅमेऱ्याखाली भोक, भोकामागे डोळा. तो डोळा बराच वेळ हितूभाऊंच्या मिशीकडे बघत होता. मग तीन कड्या एकामागून एक निघाल्या. इतक्या बंदोबस्तातून हितूभाऊ आपलं उघडं भांडार काखेत घेऊन आत शिरले.

घरात यशोधनच्या आई, वसुधाताई, कॉफी करत होत्या. दिवाणखान्यात भिंतभर टीव्हीसमोर आरामखुर्चीत यशोधनची आजी बसली होती. आनंदीबाई खांबेटे. दृष्टी अधू, कान अर्धे, पण रिमोटवरची पकड पक्की. टीव्ही काहीही विचारो, त्या मधलं गोल बटण दाबायच्या. नकार देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरातले सगळे होकार त्यांनीच वापरले असावेत, मुलाला उरले नव्हते.

रघुवीरराव जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून तयार बसले होते. हितूभाऊंनी लॅपटॉप उघडला आणि जीभ चावली. पत्रिकेची शेवटची फाईल ईमेलमध्ये राहिली होती.

“वायफाय घ्या ना काका,” यशोधन म्हणाला आणि त्याने पासवर्ड सांगितला. तो इतका लांब होता की सांगताना त्याने मध्ये पाण्याचा घोट घेतला.

जुना कॉम्प्युटर नव्या ठिकाणी गेला की एक प्रश्न विचारतो. तोच त्याने विचारला: हे नेटवर्क कसलं? घरचं, ऑफिसचं, की सार्वजनिक जागेतलं? घरचं म्हटलं की तो मोकळा होतो, आजूबाजूच्या सगळ्यांना आपलं नाव सांगतो. सार्वजनिक म्हटलं की अंग चोरून बसतो. हितूभाऊंचा बाण घुटमळत घुटमळत तिसऱ्या पर्यायावरून जात होता, तेवढ्यात रघुवीररावांनी मान पुढे काढून वाचलं.

“पब्लिक? आमचं घर पब्लिक?”

“छे छे, साहेब!” हितूभाऊ घाईने म्हणाले. “हे तर आता आमच्या पोरीचं घर.” आणि त्यांनी ‘होम’ दाबलं. दाबताना त्यांना आपण फार सूचक बोलून गेलो असं वाटलं. रघुवीरराव खिडकीबाहेर बघू लागले.

पत्रिका उघडली. रघुवीरराव पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून अक्षर अक्षर वाचू लागले. “‘चि. सौ. कां.’ कांवर अनुस्वार आहे. ठीक. ‘स्नेहांकित’ ठीक. ‘आशीर्वाद’...” इथे ते थांबले. ह्या शब्दावर भलेभले पडतात. पण हितूभाऊंच्या पत्रिकेत रफार जिथल्या तिथे होता. रघुवीररावांचा चेहरा जरा उतरला. “तत्त्वतः बरोबर आहे,” ते म्हणाले.

त्याच वेळी भिंतीवरच्या टीव्हीत, मालिकेतल्या सासूच्या तोंडावर, एक चौकट उमटली: नवीन उपकरण सापडलं, हितूभाऊ-पीसी, उघडायचं का? आनंदीबाईंनी मधलं गोल बटण दाबलं.

“अगं वसुधा, बघ, मालिकेत गणपती आला! काय तेज आहे गं. कुठला म्हणायचा?”

हितूभाऊंनी वर पाहिलं. “आमच्या मजल्यावरचा!” ते अभिमानाने म्हणाले. आणि मग त्यांना पुढचं आठवलं. गणपतीच्या फोल्डराखाली सत्यनारायणाचा फोल्डर होता.

अक्षदा बापाला चिकटून बसली. घाडीगावकर मंडळी चारचौघांत खाजगी बोलायचं तर मालवणीत शिरतात.

“बाबा, तां बंद नाय केलंस?” ओठ न हलवता तिने विचारलं.

“गावाक जाताना करतंय मगे!”

“आनी हय?”

“ह्यां काय गाव आसा?”

“गिरगावात गाव नाय तर काय आसा?”

“काही अडचण?” रघुवीररावांनी चष्म्यावरून पाहिलं.

“नाही नाही,” मेघनावहिनी म्हणाल्या. “गावच्या देवाचं बोलतायत.” आणि त्या खरोखरच गावच्या देवाला काही कबूल करू लागल्या.

अक्षदा उठून आनंदीबाईंकडे गेली. “आजी, द्या, मी तुमची मालिका लावून देते.”

“नको गं बाई. तू पाहुणी, तू बस. मला येतं.” आणि त्यांनी बाण एक घर खाली नेला.

अक्षदा वळली. “यशोधन, वायफाय एकदा बंद करून चालू कर ना.”

“का? मस्त चाललंय की,” यशोधन आ वासून म्हणाला. सुरक्षा विभागातला माणूस, पण प्रेमात होता. तिने डोळे वटारले. त्याला ते नेहमीपेक्षा सुंदर वाटले.

लॅपटॉप मिटावा तर रघुवीररावांची पेन्सिल त्यात ‘विनीत’पाशी अडकलेली. हितूभाऊंनी त्यांच्या हाताखालून हात घातला, पत्रिका बाजूला सारली, फोल्डर शोधला आणि शेअरिंग बंद करण्याचं बटण दाबलं. लगेच कॉम्प्युटरने विचारलं: या क्षणी काही लोक तुमच्याशी जोडलेले आहेत, बंद केलंत तर ते तुटतील. करायचं?

पोरीचं लग्न जुळवायला आलेल्या बापाला हा प्रश्न त्या घटकेला विचारणं म्हणजे क्रूरपणाच. हितूभाऊंचं बोट क्षणभर थबकलं. तेवढा क्षण आनंदीबाईंना पुरला.

भिंतभर हितूभाऊ उमटले. खांद्यावर पंचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. घसा साफ झाला. तो आवाज दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांतून आला, कारण यशोधनने नुकतेच नवे स्पीकर बसवले होते.

“तत्त्वतः,” भिंतीवरचे हितूभाऊ म्हणाले, “मी खुर्चीवर बसलेलो आहे. प्रत्यक्षात खुर्ची माझ्याखाली आहे किंवा कसे, याची चौकशी चालू आहे.” मागे चाळ हसली. “तत्त्वतः मुलगी आम्हाला पसंत आहे. तत्त्वतः आमचा मुलगाही आम्हाला पसंत आहे. आता ते दोघं एकमेकांना पसंत आहेत, याला पुरावा काय? खाजं? नको, नको. तत्त्वतः मी खात नाही.” आणि पडद्यावरच्या बशीतलं खाजं बघता बघता नाहीसं झालं.

वसुधाताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि ट्रेमधल्या कपांतली कॉफी थरथरत होती; रागाने की कशाने, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं, कारण तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं.

आनंदीबाई पुढे वाकून बघत होत्या. “हा आपला रघूच की! पण केस कसे आले रे तुला?”

व्हिडिओ संपला. रघुवीररावांनी पेन्सिल खाली ठेवली.

“परत लावा,” ते म्हणाले.

परत लागला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, जसा एखादा प्रस्ताव बघावा. मग चष्मा काढला. “‘तत्त्वतः’ ह्या शब्दात त आणि त्याखाली त आणि त्याला व आहे. तुम्ही एकच त उच्चारता. मी दोन्ही उच्चारतो.”

“साहेब, चूक झाली,” हितूभाऊ उभे राहिले. “शेअरिंग बंद करायचं राहिलं.”

“म्हणजे ते बंद असतं तर हे चाललं असतं?”

मेघनावहिनींनी पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे आता निघायचंच. अक्षदा खाली बघत कानातलं फिरवत होती. तिच्याकडे बघून हितूभाऊंना एकदम वाटलं की लपवण्यासारखं आता काही उरलेलंच नाही, तर बोलून घ्यावं.

“खरं सांगू साहेब? आमच्याकडे नक्कल करतात ती आपल्याच माणसाची. परक्याची कोण करणार? परक्याला कोण ओळखतं? मी शेजारच्या मनूची केलीय, अक्षदाच्या आईची केलीय, माझा बाप खाटेवर होता तेव्हा त्याच्यासमोर त्याचीच केली. तो हसताना खोकला, मला वाटलं जातोय आता. तुमची केली ती मजल्यावर सगळ्यांना आवडली. आता तुम्ही आलात तिकडे तर पोरं तुम्हाला ओळखतील. चुकलं असेल तर माझं चुकलं. पोरीचा त्यात काही संबंध नाही.”

“पण माझी नक्कल तुम्ही कोणत्या नात्याने केलीत?”

“व्याही म्हणून.”

“ते अजून त...”

रघुवीररावांचं तोंड उघडंच राहिलं. शब्द जिभेच्या टोकाशी आला होता. कचेरीत ज्याने त्यांना एवढी वर्षं सांभाळलं तोच शब्द. पण दिवाणखान्यातली सगळी माणसं त्याची वाट बघत होती. वसुधाताईंचे खांदे हलायला लागले होते. रघुवीररावांनी घसा साफ केला. त्या आवाजासरशी मेघनावहिनींनी पर्समध्ये तोंड घातलं.

“माझं म्हणणं असं,” त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली, “की त...”

वसुधाताईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या सोफ्यावर बसून मोठ्याने हसल्या. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासूनचं हसू असावं ते, कारण बराच वेळ संपेना. “अहो, म्हणा ना काय ते! मुलगा घोड्यावर बसायच्या आधी म्हातारा होईल.”

रघुवीररावांनी खिडकीकडे पाहिलं. पण व्हिडिओ परत लावताना ऊन येतं म्हणून यशोधनने पडदा ओढून घेतला होता. बघायला जागाच उरली नाही.

“हो,” ते म्हणाले.

इतका लहान शब्द त्यांच्या तोंडून आधी कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कुणाला पटकन कळला नाही. “व्हय म्हनले?” मेघनावहिनींनी अक्षदाला विचारलं. अक्षदाने मान हलवली. यशोधनचं तोंड प्रथमच मिटलं.

“वैशाखात चांगला मुहूर्त आहे, शुद्ध पक्षात,” रघुवीरराव टेबलाकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. “मी काढून ठेवला होता. तारीख घाला.” आणि त्यांनी ती तोंडपाठ सांगितली. म्हणजे इतके दिवस ती त्यांना पाठ होती. हितूभाऊ टाइप करू लागले. आयुष्यभर अक्षरं जुळवलेल्या माणसाने ‘वैशाख’ लिहिताना ऐकार दोनदा चुकवला, आणि रघुवीररावांनी दोनदा पेन्सिल टेकवून तो बरोबर करून घेतला. ह्या कामात दोघांनाही बरं वाटत होतं असं दिसलं.

“खाली एक ओळ घाला,” शेवटी रघुवीरराव म्हणाले. “‘कृपया आहेर आणू नये.’ आणि त्याखाली, ‘कृपया कार्यालयात कोणीही चित्रीकरण करू नये.’”

“घातली, साहेब.”

“तुमच्या मजल्यावरचे ते मानतील?”

“मानतील की,” हितूभाऊ म्हणाले, आणि पुढचं बोलायचं टाळून त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं.

अक्षदाने बापासमोरून लॅपटॉप ओढून घेतला. डोळे पुसत पुसत तिने नेटवर्क ‘सार्वजनिक’ केलं, ‘एव्हरीवन’ पुसून काढला, पासवर्ड घातला, आणि तो बापाला सांगितला नाही. जोडलेले लोक तुटतील, चालेल का, असं कॉम्प्युटरने तिलाही विचारलं. तिने न बघता ‘हो’ दाबलं.

भिंतीवरचा टीव्ही काळा झाला. आरामखुर्चीत तिसऱ्यांदा तोच व्हिडिओ बघत बसलेल्या आनंदीबाई रिमोट हलवायला लागल्या.

“अगं बंद का केलंत? आत्ता कुठे बोलायला लागला होता तो!”